हिशेब कुणाजवळ मांडायचा?

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: वय ३१, मूळ नगर जिल्ह्यातले, पुण्यात आयटीत नोकरी. चर्चच्या मंडळीत तरुण संघाचे सचिव, गायनातही पुढे. मोबाईलवरच्या रमीत पैसे गेले, ते भरून काढायला लोन अॅपवरून कर्ज काढलं, मग ते फेडायला दुसरं. गेल्या वर्षी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाजवळ मन मोकळं केलं. पुढच्याच रविवारी मध्यस्थीच्या (इतरांसाठी करायच्या) प्रार्थनेत "आमच्यातला एक तरुण भाऊ जुगाराच्या बंधनात आहे" असं कानावर पडलं. पत्नीला अजून काही ठाऊक नाही. जवळचा म्हणावा असा एकच मित्र, श्रीरामपूरकडे शाळेत शिक्षक, पण तो कॅथलिक. प्रश्न दोन: देवाजवळ कबुली दिली आहे, ती पुरे नाही का? आणि एकदा पोळल्यावर पुन्हा कुणावर भरवसा ठेवायचा?

आधी त्या रविवारबद्दल. तुमच्या बाबतीत जे झालं ते चूक झालं, आणि ते एका पाळकाने (पास्टरने) तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं, म्हणून सांगतो. आपल्या मंडळ्यांमध्ये चहाडीला "प्रार्थनेचा विषय" हे नाव मिळालेलं आहे. "नाव घेत नाही हं, पण त्या कुटुंबासाठी प्रार्थना करा." पुण्यात नोकरी, गायनात पुढे, तरुण भाऊ, एवढं म्हटल्यावर नाव घ्यायचं राहिलंच काय? ज्यांनी हे केलं त्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही. बहुतेक वेळा ऐकलेलं ओझं त्यांना स्वतःला पेलत नाही आणि ते सगळ्यांच्या डोक्यावर थोडं थोडं वाटून टाकतात. मत्तय १८ मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी तू आणि तो, दोघेच, एकांतात. मंडळी सर्वात शेवटी येते. आपल्याकडे ती पहिल्या रविवारी येते.

आता तुमचा पहिला प्रश्न. क्षमेसाठी देवाजवळची कबुली पुरे आहे. १ योहान १:९ वर मी एक शब्दही वाढवणार नाही. पण याकोब ५:१६ मध्ये पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलं आहे ते कशासाठी, तर निरोगी होण्यासाठी. क्षमा आणि निरोगी होणं या दोन गोष्टी आहेत. क्षमा मिळालेला माणूस त्याच रात्री पुन्हा अॅप उघडू शकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. देवाजवळ कबुली देताना तुम्ही किती आकडा सांगितलात? देवाला माहीत आहे म्हणून आपण आकडा सांगतच नाही. "प्रभू, मी चुकलो" एवढ्यावर भागतं. माणसापुढे बसलं की तो विचारतो, "किती?" आणि तिथे पहिल्यांदा आपल्याच कानांवर तो आकडा पडतो.

मी पाळक होण्याआधी ९ वर्षं एका पतसंस्थेत कारकून होतो, त्यामुळे माझी उदाहरणं खातेवहीतून येतात, सांभाळून घ्या. आमच्याकडे एक जुने ऑडिटर यायचे. आल्या आल्या ते रजेचं रजिस्टर मागायचे. ज्याने वर्षभर एकही रजा घेतली नाही त्याचं टेबल ते आधी तपासायचे. कारण खोट्या नोंदी सांभाळणाऱ्याला रजा परवडत नाही. तो नसताना दुसऱ्याने वही उघडली तर? पुढे पाळक झाल्यावर मला ते ऑडिटर वारंवार आठवले. एकही उपासना न चुकवणारा, प्रत्येक कॉटेज मीटिंगला (घरगुती प्रार्थनासभेला) पहिला येऊन सतरंजी टाकणारा माणूस पाहिला की मी त्याच्यावर संशय घेत नाही, पण त्याला कधीतरी एकटं गाठून चहा पाजतो. दोनतीनदा त्या चहाच्या पोटी फार मोठ्या गोष्टी बाहेर आल्या. तुम्ही तरुण संघाचं सचिवपद आणि गायन न चुकता सांभाळलंत, त्याच वर्षात हे सगळं घडलं, याचं मला नवल वाटलं नाही.

"अकाउंटेबिलिटी" हा शब्द हल्ली शिबिरांतून फार ऐकू येतो. मराठीत त्याला उत्तरदायित्व म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की समोर साहेब बसल्यासारखं वाटतं. मी हिशेब म्हणतो. हिशेब साहेबाला देता येतो तसा भावालाही देता येतो.

आणि ही कल्पना चर्चमध्ये एकदा खरोखरच पैशांच्या हिशेबातून रुजली. १७४२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. इंग्लंडात ब्रिस्टल इथे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी बांधलेल्या सभागृहाचं कर्ज फिटत नव्हतं. बैठकीत कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावा. कुणीतरी म्हणालं, बऱ्याच जणांना तेवढंही झेपणार नाही. फॉय म्हणाले, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, जे देतील ते घेईन, आणि ज्यांच्याजवळ नसेल त्यांचं मी भरीन. म्हणजे आपली भिशीच, फक्त उचल कुणालाच नाही. अशा बाराबारांच्या तुकड्या झाल्या. मग वसुलीला घरोघर फिरणाऱ्यांच्या नजरेला घरं पडू लागली: हा पिऊन पडलेला, त्याचं बायकोशी भांडण. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पेनी गोळा करायला जाणारा माणूस आता "तुझं कसं चाललंय?" हेही विचारू लागला. मेथडिस्टांचा "क्लास", म्हणजे असा छोटा गट, इथून सुरू झाला.

मला यात आवडतं ते फॉय यांचं घरी जाणं. त्यांनी अकरा जणांना आपल्या घरी बोलावलं नाही. शिवाय ज्याला द्यायला काही नाही त्याच्या दारात ते उभे राहायचे ते स्वतःचा खिसा उघडा ठेवून. विचारण्याचा हक्क त्यांना तिथून मिळाला.

त्याच्याही आधी, १७३८ च्या नाताळच्या दिवशी, वेस्लींनी छोट्या गटांसाठी नियम लिहून काढले होते. त्यातले आठवड्याचे प्रश्न सरळ आहेत: मागच्या भेटीपासून जाणूनबुजून कोणतं पाप केलंस, कोणत्या मोहात सापडलास, त्यातून कसा सुटलास. हे प्रश्न हल्ली पुष्कळ ठिकाणी छापून वाटतात. पण गटात घेण्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे होते आणि ते सहसा कुणी छापत नाही. तुझे दोष तुला सांगितलेले तुला हवे आहेत का? आमच्यापैकी प्रत्येकाने तुझ्याबद्दल मनात जे असेल ते तुला वेळोवेळी सांगावं, अशी तुझी इच्छा आहे का? म्हणजे आधी परवानगी, मग तपासणी. परवानगीशिवाय केलेल्या तपासणीला आपण दुसऱ्याच्या घरात डोकावणं म्हणतो.

माझी गोष्ट सांगतो, नाहीतर हे सगळं उपदेश वाटेल. माझा एक मित्र आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, गॅरेज चालवायचा. गेली १९ वर्षं आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी भेटतो. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही फक्त चहा प्यालो, गाड्यांबद्दल बोललो, त्याच्या मुलीच्या लग्नाची यादी केली. एकदा मी वरिष्ठांना पाठवायचा वार्षिक अहवाल त्याला वाचून दाखवत होतो. वस्तीवरच्या कॉटेज मीटिंगला सरासरी ६० लोक, असं मी लिहिलं होतं. तो कप खाली ठेवून म्हणाला, "साहेब, तिथे खुर्च्या किती आहेत?" खुर्च्या २५ होत्या. सतरंजीवर दहाएक जण बसायचे. मी म्हणालो, लोक दारातही उभे असतात. तो काहीच बोलला नाही. त्या रात्री मी आकडा ३५ केला, आणि मग मागच्या चार वर्षांचे अहवाल काढून बसलो. ते काही चांगलं वाचन नव्हतं.

त्याने मला खोटारडा म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. त्याने खुर्च्या विचारल्या. राजा दाविदाला त्याचं पाप दाखवताना नाथान संदेष्ट्यानेही आधी गरिबाच्या कोकराचीच गोष्ट सांगितली होती. पुढे दाविदाला बथशेबेपासून झालेल्या एका मुलाचं नाव नाथान आहे (१ इतिहास ३:५). ते त्या संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं शास्त्र म्हणत नाही, पण मला तसं मानायला आवडतं.

आकडे फुगवण्याचा हा रोग माझ्या एकट्याचा नाही, हे नंतर कळलं. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो या गावी बिली ग्रॅहम आणि त्यांच्या तीन सहकारी मित्रांनी आपल्यासारखे सुवार्तिक (ख्रिस्ताची सुवार्ता सांगत फिरणारे) कशात घसरतात याची यादी केली: पैसा, स्त्रियांच्या बाबतीतलं वर्तन, स्थानिक मंडळ्यांवर टीका, आणि गर्दीचे फुगवलेले आकडे. या चार बाबतींत आपण कसं वागायचं ते त्यांनी तिथेच ठरवलं. चौघांनी मिळून ठरवलं, हे त्यातलं महत्त्वाचं. एकट्याने केलेला ठराव डायरीत राहतो, आणि डायरी कुणी वाचत नाही.

नीतिसूत्रे २७:१७ मध्ये "तिखे" शब्द आहे, तो तरुणांना समजावून सांगावा लागतो. तिखे म्हणजे पोलाद. तिखे तिख्यास पाणीदार करते. माझा गॅरेजवाला मित्र म्हणतो, पाणीदार व्हायचं तर दोन्ही तुकडे झिजतात, एकच झिजत असेल तर समोर कानस आहे असं समज. तुम्हाला मागच्या वेळी जे मिळालं ती कानस होती. तुम्ही बोललात, ते ऐकत राहिले. त्यांनी स्वतःचं काहीच सांगितलं नाही, बरोबर ना? हा माझा अंदाज आहे, पण तो क्वचितच चुकतो. ज्याने स्वतःचं काहीच तुमच्या हातात दिलेलं नाही, त्याला तुमचं सांभाळून ठेवण्याची निकड वाटत नाही.

म्हणून माणूस निवडताना त्याचं पद बघू नका. तो दुसऱ्यांबद्दल तुमच्याजवळ काय बोलतो ते बघा. जो इतरांच्या गोष्टी तुम्हाला सांगतो तो तुमच्या इतरांना सांगणारच. त्याने कधी तुमच्यापुढे "माझं चुकलं" म्हटलंय का, ते आठवा. आधी एखादी लहान गोष्ट सांगून महिनाभर थांबा, ती फिरून तुमच्या कानावर येते का पाहा. पुरुषाने पुरुषाजवळ, बाईने बाईजवळ, हा जुना नियम मी अजून पाळतो. तुमच्या हाताखाली काम करणारा किंवा तुमचा वरिष्ठ नको. आणि तुमच्या पाळकांना सांगावंच, असा माझा हट्ट नाही. पाळकाला तीनशे घरं असतात. मित्र एक पुरतो.

सांगताना अर्धं सांगू नका. अर्धी कबुली ही फार चलाख गोष्ट आहे: मन हलकं होतं आणि सवय जागच्या जागी राहते. तुम्ही त्या वडीलधाऱ्यांना "थोडं कर्ज झालंय" म्हणालात, असं लिहिलंय. थोडं म्हणजे किती? कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. तो काढा. बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. बेकायदा अॅपची कर्जं रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, ती हाताने लिहा. त्यातलं कुणी धमक्या देत असेल, फोनमधल्या नंबरांवर मेसेज पाठवत असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार करा, लाजून आणखी कर्ज काढू नका. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, पण अॅप बंद झालं म्हणजे हात थांबतो असं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले काही जण आता कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर खेळतात.

मित्राने तुमचं कर्ज फेडू नये. हे आधीच ठरवून टाका. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय, आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपापला भार वाहावा असंही म्हटलंय. मुलं विचारतात, मग खरं काय? मी म्हणतो, हप्ता तुझा भार आहे. हप्त्याच्या तारखेला पोटात येणारा गोळा हे ओझं, ते वाहायला मित्र आहे. (फॉय यांनी गरिबांचा पेनी भरला, हे मी वर कौतुकाने सांगितलं, खरं आहे. पण तो दानाचा पेनी होता.) एकदा पैसे मध्ये आले की तुम्ही त्याला टाळायला लागाल, आणि मग विचारणारं कुणी उरणार नाही.

पत्नीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तिला सांगायचंच आहे, मित्राला सांगितल्यानंतर फार तर दोन आठवड्यांत. आधी मित्र एवढ्यासाठी की पहिल्यांदा बोलताना माणूस रडतो, सबबी सांगतो, आकडे चुकवतो. ते सगळं तिच्यापुढे नको, तिच्यापुढे पूर्ण कागद जाऊ द्या. पण तिला तुमचा पहारेकरी करू नका. रोज रात्री तुमचा फोन तपासणारी बायको ही काही वर्षांत बायको राहत नाही. तपासायचं काम मित्राचं. तिला रागवायचा हक्क आहे, तो तिच्याकडेच राहू द्या.

दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगायला हवा, कारण पोळलेला माणूस कधीकधी थेट हुकूम देणारा गुरू शोधतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत "शेफर्डिंग" नावाची चळवळ पसरली होती. प्रत्येकाने एका वडिलाच्या अधीन राहायचं, लग्न, नोकरी, घर सगळं त्याला विचारून. माणसं मोडली. तिच्या पुढाऱ्यांपैकी बॉब ममफर्ड यांनी नंतर जाहीर माफी मागितली. आपल्याकडेही लहान प्रमाणात हे चालतं, "पास्टरना विचारल्याशिवाय काही करत नाही" असं अभिमानाने सांगणारे मला भेटतात.

याबाबत मला पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई झाल्या, रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. आणि या दोघी पत्रांतून कडाक्याच्या भांडल्या: त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून), क्रुसावरच्या अक्षरांवरून, रमाबाईंच्या शाकाहारावरून, आज्ञापालनावरून. १८८५ मधल्या एका पत्रात रमाबाईंनी कळवलं त्याचा आशय असा की भारतातल्या पुरोहितांचं जू मी नुकतंच मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, तसलंच दुसरं चढवून घ्यायची माझी तयारी नाही. एवढं झाल्यावर नातं तुटायला हवं होतं. तुटलं नाही. मुलगी मनोरमा त्यांच्याच देखरेखीखाली वाँटेजला शिकली, पत्रं पुढे कित्येक वर्षं चालू राहिली, आणि ती जपून ठेवली ती जेराल्डिनबाईंनीच, स्वतःला झापलेली पत्रंसुद्धा. रमाबाईंनी जेराल्डिनबाईंना सगळं सांगितलं, आणि आपली विवेकबुद्धी मात्र त्यांच्या हाती दिली नाही. तुम्हीही मित्राला तुमची वही दाखवा. सही तुमचीच राहील.

गुप्ततेलाही हद्द असते, ती पहिल्याच भेटीत एकमेकांना सांगून टाकावी. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, तिथे मैत्री आड येत नाही. आणि कर्जाच्या दडपणाखाली माणसाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो, तेव्हाही गप्प बसायचं नसतं. तुमच्या मनात तसं आलं असेल, एकदाही, तर हे वाचून झाल्यावर आधी १४४१६ ला फोन करा, टेलिमानसची ही सरकारी सेवा आहे, मराठीतही बोलतात. बाकीचं नंतर.

राहिला तुमचा श्रीरामपूरचा मित्र. तो कॅथलिक आहे म्हणून तुम्ही कचरताय, आणि मला तर तीच जमेची बाजू वाटते. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही, हे तो लहानपणापासून पाहत आलाय. ऐकलेलं पोटात ठेवायचं असतं ही शिकवण आपल्या मंडळ्यांनी त्यांच्याकडून उसनी घ्यावी अशी आहे. शिवाय तुम्हीच लिहिलंय की तो दर वर्षी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला तुम्हाला बोलावतो आणि तुम्ही दर वर्षी काहीतरी कारण सांगता. इतकी वर्षं नकार ऐकूनही जो पुन्हा बोलावतो, त्याची परीक्षा आणखी काय घ्यायची?

फोनवर सांगू नका, फोनवर आकडे लहान होतात. शनिवारी सकाळची एसटी धरा. त्याला आधी एवढंच कळवा की जेवायला येतोय आणि थोडं बोलायचंय. आदल्या दिवशी ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्टेटमेंटची प्रिंट काढून घ्या, सगळी पानं.